'आमचीच साधना शुद्ध' हा दावा इतिहासात टिकतो का?

ध्यानसाधनेच्या प्रश्नावर आपल्या चळवळीत आज तीन गट दिसतात. पहिला गट इगतपुरीच्या पद्धतीने विपश्यना करणाऱ्यांचा. दुसरा त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या शिबिरांतून आनापानसती आणि मैत्रीभावना शिकलेल्यांचा. तिसरा गट म्हणतो की डोळे मिटून बसणे ही पळवाट आहे आणि बाबासाहेबांनी आपल्याला रस्त्यावर उतरायला शिकवले, पाटावर बसायला नाही. एकाच वस्तीत, एकाच विहारात हे तिन्ही गट असतात आणि अनेकदा एकमेकांच्या कार्यक्रमालाही जात नाहीत. विपश्यनावाला मैत्रीभावनेला 'कल्पनेचा खेळ' म्हणतो. मैत्रीभावनावाला विपश्यनेला 'शरीराच्या संवेदना मोजत बसणे' म्हणतो. तिसरा दोघांनाही 'डोळेमिटे' म्हणून मोकळा होतो.

यात नुकसान कोणाचे होते? नव्याने धम्माकडे येणाऱ्या तरुणाचे. विहारात आल्यावर त्याला सर्वांत आधी धम्म कळत नाही, कोण कोणाच्या विरोधात आहे ते कळते. म्हणून हा वाद आवडीनिवडीवर न सोडता इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. 'आमचीच पद्धत बुद्धाची, बाकीच्या भेसळ' हा दावा इतिहासात टिकतो का? आणि तो टिकत नसेल, तर 'सगळेच मार्ग सारखे' असे म्हणून मोकळे व्हायचे का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे 'नाही' अशी आहेत. ती का, ते पाहू.

बुद्धाने परक्यांकडून काय घेतले?

सुरुवात खुद्द सिद्धार्थ गौतमापासून करू. मज्झिम निकायातील अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःच्या शोधाची हकिकत सांगतात. गृहत्याग केल्यावर ते प्रथम आळार कालामाकडे गेले. त्यांनी त्याचा सिद्धांत नुसता पाठ केला नाही, त्याची साधना करून पाहिली आणि आळार ज्या 'आकिञ्चञ्ञायतन' अवस्थेपर्यंत पोहोचला होता, तिथपर्यंत स्वतः पोहोचले. आळाराने त्यांना बरोबरीचा मान दिला आणि दोघे मिळून संघ चालवू असा प्रस्ताव ठेवला. गौतमांनी तो स्वीकारला नाही. दुःखाचा प्रश्न त्या अवस्थेने सुटत नव्हता, म्हणून ते निघाले. मग उद्दक रामपुत्त. तिथे त्याच्याही पुढची 'नेवसञ्ञानासञ्ञायतन' अवस्था. उद्दकाने तर त्यांना आचार्यपदच देऊ केले. तेही सोडून ते पुढे गेले.

महासच्चक सुत्तात पुढचा भाग येतो. श्वास रोखून धरण्याचे प्रयोग, उपासमार, शरीर झिजवणे, हे सारे त्यांनी करून पाहिले आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही हे अनुभवाने ठरवून सोडले. मग लहानपणी जांभळीच्या झाडाखाली सहज लागलेले ध्यान त्यांना आठवले आणि तिथून त्यांचा स्वतःचा मार्ग सुरू झाला.

आता पुढे काय झाले ते बघा. आळार आणि उद्दक यांच्याकडे शिकलेल्या त्या दोन्ही अवस्था बुद्धांनी फेकून दिल्या नाहीत. बौद्ध ध्यानशास्त्रात त्या तिसरे आणि चौथे अरूप ध्यान म्हणून राहिल्या. फक्त त्यांची जागा बदलली. जे आळाराला अंतिम वाटत होते, ते बुद्धांच्या मांडणीत वाटेवरचे एक ठिकाण झाले. आणि संबोधीनंतर धम्म सर्वांत आधी कोणाला सांगावा असा विचार आला, तेव्हा त्यांना आठवले ते हेच दोन जुने गुरू. दोघेही नुकतेच वारले होते, म्हणून ते पाच परिव्राजकांकडे सारनाथला गेले.

ज्यांची साधना अपुरी ठरवून सोडली, त्यांनाच सर्वांत आधी आठवण्याइतका मोठेपणा त्या माणसात होता. दुसऱ्याकडे शिकणे, ते तपासणे, उपयोगी तेवढे ठेवणे, अपुरे असेल तर स्पष्ट सांगणे आणि तरीही शिकवणाऱ्याचा मान राखणे, ही बौद्ध मोकळ्या मनाची पहिली व्याख्या आहे.

हलिद्दवसनचा प्रश्न

संयुत्त निकायात एक सुत्त आहे, ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. कोलियांच्या प्रदेशात हलिद्दवसन नावाचे गाव होते. तिथे काही भिक्खू भिक्षेला निघण्याआधी दुसऱ्या पंथाच्या परिव्राजकांकडे गेले. त्या परिव्राजकांनी सरळ विचारले की तुमचा गौतम पाच नीवरणे सोडायला सांगतो, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांची भावना करायला सांगतो. आम्हीही आमच्या शिष्यांना तेच सांगतो. मग तुमच्यात आणि आमच्यात फरक काय?

भिक्खूंना उत्तर देता आले नाही. ते परत आले आणि त्यांनी बुद्धांना विचारले. बुद्ध काय म्हणू शकले असते? 'ते खोटे बोलतात', 'त्यांनी आमची मैत्रीभावना चोरली' किंवा 'त्यांची मैत्री अशुद्ध'. यातले काहीही ते म्हणाले नाहीत. इतर पंथांतही ही भावना केली जाते, हा मुद्दा त्यांनी खोडलाच नाही. त्यांनी भिक्खूंना उलट प्रश्न विचारायला सांगितला की ही मैत्री तुम्ही कशी वाढवता, ती कुठे पोहोचते, तिचा शेवट कशात होतो? आणि आपल्या मार्गात मैत्री ही स्मृती, धम्मविचय, वीर्य अशा बोधीच्या अंगांबरोबर कशी जोपासली जाते हे त्यांनी समजावून सांगितले.

म्हणजे वाद तंत्राच्या मालकीचा नव्हताच. साधना कोणत्या दृष्टीने आणि कशासाठी केली जाते, हा खरा प्रश्न होता. आज 'ही पद्धत आमची की त्यांची' यावर भांडणाऱ्यांनी हलिद्दवसनचा हा प्रसंग एकदा विहारात वाचावा.

एकच औषध सर्वांना लागू पडत नाही

दुसरा मुद्दा पद्धतींच्या संख्येचा. बुद्धांनी एकच साधना शिकवली, हे म्हणणे पाली वाङ्मयाच्या कसोटीवर उतरत नाही.

वेसालीची घटना विनयपिटकातही आहे आणि संयुत्त निकायातही. बुद्धांनी भिक्खूंना अशुभ भावना, म्हणजे शरीराच्या किळसवाण्या बाजूचे चिंतन, शिकवले आणि ते काही दिवस एकांतात गेले. परत आले तेव्हा संघ विरळ झाला होता. ती साधना न पेलल्याने अनेक भिक्खूंना स्वतःच्या देहाचा इतका तिटकारा आला की त्यांनी जीव दिला. तेव्हा बुद्धांनी उरलेल्यांना एकत्र बोलावून आनापानसती, म्हणजे श्वासावरची स्मृती शिकवली. ग्रंथकारांनी ही घटना लपवली नाही, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. खुद्द शास्त्याच्या हयातीत, त्यानेच शिकवलेली एक साधना काहींना घातक ठरली आणि दुसरी द्यावी लागली, असे परंपरा स्वतः सांगते. मग आज एखाद्या शिबिरात एखाद्याला त्रास झाला, तर 'तुझ्याच साधनेत खोट आहे' असे सांगणारा कोणाच्या परंपरेतला?

पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग लिहिला. त्यात ध्यानाची 40 कम्मट्ठाने मोजली आहेत. 10 कसिणे, 10 अशुभे, 10 अनुस्मृती, 4 ब्रह्मविहार, 4 अरूप ध्याने, आहारातील प्रतिकूल संज्ञा आणि चार धातूंचे विश्लेषण. माणसांचे सहा स्वभाव सांगितले आहेत. रागप्रधान, द्वेषप्रधान, मोहप्रधान, श्रद्धाप्रधान, बुद्धिप्रधान आणि वितर्कप्रधान. संतापी माणसाला मैत्री, ज्याच्या डोक्यात विचारांचा गोंधळ चालतो त्याला श्वास, अशी वाटणी आहे. थेरवादाचा सर्वांत कर्मठ मानला जाणारा ग्रंथ असा मोकळा आहे आणि आपण मात्र एका पद्धतीवर अडून बसलो आहोत.

आणि कालाम सुत्ताबद्दल एक शब्द. ते आपण सतत सांगतो, पण अर्धेच. ऐकीव आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, इथे आपण थांबतो. सुत्त तिथे थांबत नाही. लोभ, द्वेष, मोह यांनी काय होते ते स्वतः तपासा, असे सांगून झाल्यावर बुद्ध केसपुत्तच्या लोकांसमोर मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांनी भरलेले चित्त ठेवतात. पुढे हेही सांगतात की परलोक असो वा नसो, अशा चित्ताचा लाभ याच जन्मी आहे. बुद्धिवाद आणि भावना एकाच सुत्तात शेजारी बसले आहेत. त्यांना वेगळे करून दोन गट आपण पाडले.

चुंदाने मिटवलेले भांडण

कार्यकर्ता विरुद्ध साधक हे भांडणही नवे नाही. अंगुत्तर निकायात त्याची जुनी आवृत्ती आहे. चेती जनपदातल्या सहजाती इथे महाचुंद स्थविर राहत होते. तिथे दोन प्रकारचे भिक्खू होते. धम्माचा अभ्यास आणि विचार करणारे, आणि ध्यान करणारे. अभ्यासक ध्यान करणाऱ्यांची टिंगल करत की हे बसून नुसते डुलतात, यांना ध्यान कशाचे? ध्यान करणारे अभ्यासकांवर टीका करत की हे बडबडे, चंचल, तोंडाळ लोक, यांना धम्म काय कळणार?

चुंद दोघांनाही समज देतो. तुमच्या या भांडणाने ना अभ्यासक सुखी होतो ना ध्यान करणारा, आणि बहुजनांचे हितही होत नाही. मग तो दोघांना एकच काम सांगतो. अभ्यासकाने ध्यान करणाऱ्याचे गुण सांगावेत, कारण अमृतपद प्रत्यक्ष स्पर्शणारी माणसे दुर्मिळ असतात. ध्यान करणाऱ्याने अभ्यासकाचे गुण सांगावेत, कारण गहन अर्थ बुद्धीने भेदून पाहणारी माणसेही दुर्मिळ असतात.

इथे 'बहुजनांचे हित' ही कसोटी लक्षात ठेवा. ती आपल्याला पुढे लागणार आहे.

ब्रह्मदेशाचा इतिहास काय सांगतो?

आता आधुनिक काळाकडे येऊ, कारण आपल्यापर्यंत आलेली विपश्यना ब्रह्मदेशातून आली. तिथला इतिहास माहीत नसल्याने आपल्याकडे एक समज पसरला आहे की बुद्धाची मूळ साधना एका अखंड साखळीतून, एकाच रूपात ब्रह्मदेशात टिकली आणि तिथून थेट इगतपुरीला आली.

ज्याची नोंद हाती आहे तो इतिहास वेगळा आहे. 1885 पर्यंत तीन युद्धे करून इंग्रजांनी संपूर्ण ब्रह्मदेश गिळला. धम्माचा आश्रयदाता राजा गेला. अशा वेळी शासन, म्हणजे बुद्धाची शिकवण, वाचवायची तर ती सामान्य उपासकांच्या हाती दिली पाहिजे, या जाणिवेने जे भिक्खू पुढे आले त्यांत लेदी सयाडो (1846–1923) अग्रणी होते. त्यांनी अभिधम्म आणि विपश्यना हे विषय सोप्या ब्रह्मी भाषेत आणले आणि गृहस्थांना साधना करायला सांगितले. इगतपुरीची परंपरा आपली ज्ञात गुरुमालिका त्यांच्यापासूनच मोजते. त्यांच्यानंतर सया थेटजी (1873–1945), भिक्खू नसलेला एक शेतकरी. त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन (1899–1971), स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल, ज्यांनी 1952 साली रंगूनमध्ये आपले साधनाकेंद्र उभारले. आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (1924–2013), ज्यांनी 1969 साली मुंबईत पहिले शिबिर घेतले. 1976 साली इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले.

ही थोर परंपरा आहे. राजाश्रयाऐवजी शेतकरी आणि कारकुनांच्या हाती ध्यान देणारी ही चळवळ आपल्याला जवळची वाटली तर नवल नाही. पण ती एकटी नव्हती. त्याच देशात, त्याच काळात मिंगुन सयाडोंची परंपरा होती. त्यांचे शिष्य महासी सयाडो (1904–1982) यांना पंतप्रधान ऊ नू यांच्या पुढाकाराने 1949 साली रंगूनला आणले गेले. त्यांची पद्धत वेगळी. श्वासाबरोबर पोट वर येते आणि खाली जाते त्यावर लक्ष, आणि प्रत्येक अनुभवाची मनात नोंद. सुनलुन सयाडो (1878–1952) हे जवळजवळ निरक्षर शेतकरी होते. त्यांच्या पद्धतीत जोरकस श्वास आणि त्यातून उठणाऱ्या वेदनेचे निरीक्षण. मोगोक सयाडो (1899–1962) यांनी प्रतीत्यसमुत्पाद समजावून त्याच्या आधारे चित्त आणि वेदना यांची अनुपश्यना शिकवली.

आता सांगा, यातली 'शुद्ध' कोणती आणि 'भेसळ' कोणती? सर्वजण सतिपट्ठान सुत्ताचाच आधार घेतात. सर्वजण ब्रह्मी, सर्वजण थेरवादी. आणि परंपरांच्या भिंतीही तितक्या पक्क्या नव्हत्या. ऊ बा खिन यांना 1941 साली 'तुम्ही आता शिकवा' असे आग्रहाने सांगितले ते वेबू सयाडोंनी. हे भिक्खू लेदींच्या गुरुमालिकेतले नव्हते. स्वतः गोयंका कट्टर हिंदू घरातून आले होते. बौद्धांच्या साधनेला बसावे की नाही या भीतीने ते बराच काळ अडले आणि अखेर 1955 मध्ये बसले. त्या दिवशी त्यांनी मन मोकळे ठेवले नसते, तर धम्मगिरी उभेच राहिले नसते.

आणखी एक. दहा दिवसांच्या शिबिरात सुमारे साडेतीन दिवस आनापान, मग विपश्यना आणि अखेरीस मैत्री शिकवतात. म्हणजे तिथेही साधना एकच नाही. शिबिर चालू असताना इतर कोणतीही साधना करू नका, हा नियम रास्त आहे, कारण एखादी पद्धत नीट तपासायची तर तिला पूर्ण संधी दिली पाहिजे. गौतमांनी आळाराकडे तेच केले. पण दहा दिवसांच्या प्रयोगाचा नियम काही साधक घरी आणून आयुष्यभराची सोवळ्याची चौकट बनवतात. तिथे प्रयोग संपतो आणि पंथ सुरू होतो. सोवळ्याचा अर्थ आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

श्रीलंकेतला वाद

मोकळे मन ठेवणे बौद्ध देशांनाही सोपे गेलेले नाही. 1955 साली महासी सयाडोंचे शिष्य ऊ सुजात श्रीलंकेला गेले आणि पुढे कंडुबोडा इथे साधनाकेंद्र सुरू झाले. लोकांनी गर्दी केली. तेव्हा कोलंबोच्या वजिरारामातील काही विद्वान भिक्खूंनी, विशेषतः खेमिंद थेरांनी, जोरदार आक्षेप घेतला. पोटाच्या हालचालीवर ध्यान कोणत्या ग्रंथात आहे? आधी शमथ आणि ध्यान साधल्याशिवाय थेट विपश्यना कशी होईल? महासींच्या बाजूने उत्तर आले की पोटाची हालचाल हे वायुधातूचे निरीक्षण आहे आणि धातूंचे निरीक्षण सुत्तात आहे.

हा वाद वर्षानुवर्षे चालला, पण तो मुद्द्यांवर झाला. दोन्ही बाजूंनी ग्रंथ उघडले, युक्तिवाद लिहून काढले आणि ते छापले. त्याच काळात श्रीलंकेतच राहणारे जर्मन भिक्खू न्यानपोनिक थेर ब्रह्मदेशात जाऊन महासींकडे स्वतः बसून आले होते आणि त्यांनी या पद्धतीवर लिहिले. म्हणजे आक्षेप घेणारेही होते आणि जाऊन पाहणारेही. टीकेची मुभा आणि तपासण्याची तयारी या दोन्ही गोष्टी निरोगी धम्मसमाजात असतात. आपल्याकडे दुर्दैवाने यातले काहीच होत नाही. ग्रंथ कोणी उघडत नाही आणि एकमेकांच्या शिबिरात कोणी बसत नाही. होते ती फक्त टवाळी.

मराठीत तरी याची वाट फार आधी खुली झाली होती. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (1876–1947) बौद्ध धर्माच्या ओढीने श्रीलंकेला आणि ब्रह्मदेशाला गेले, भिक्खू होऊन राहिले, पाली शिकले, ध्यानही शिकले. त्यांनी विसुद्धिमग्गाचे संपादन केले आणि 'समाधिमार्ग' हे पुस्तक मराठीत लिहून ध्यानाची पारंपरिक कर्मस्थाने सामान्य वाचकासमोर ठेवली. 1937 साली कामगारांच्या परळमध्ये त्यांनी बहुजन विहार सुरू केला. आपल्या भाषेतले ध्यानावरचे हे गंभीर पुस्तक कोणत्याही एका पद्धतीची जाहिरात नव्हते, ही गोष्ट आपण विसरून गेलो.

बाबासाहेब कोणत्या बाजूला?

शेवटी प्रत्येक गट बाबासाहेबांचा हवाला देतो. म्हणून तो नीट तपासू.

तिसरा गट, म्हणजे ध्यानाला पळवाट म्हणणारा, 1950 साली महाबोधी मासिकात आलेल्या बाबासाहेबांच्या बुद्धधम्माच्या भवितव्यावरील लेखाचा आधार घेतो. त्यात त्यांनी त्या काळच्या भिक्खूंवर सडकून टीका केली आहे की बहुसंख्य भिक्खू ध्यानात किंवा आळसात वेळ घालवतात, त्यांच्यात विद्याही नाही आणि सेवाही नाही. ही टीका खरी आहे आणि आजही लागू आहे. ज्याचे ध्यान त्याला वस्तीतल्या अत्याचाराकडे पाठ फिरवायला शिकवते, त्याने ती रोज वाचावी.

पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काय करायचे? तिथे बाबासाहेबांनी गौतमाच्या समाधिमार्गाच्या शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्या काळी ध्यानमार्गाचे तीन संप्रदाय होते, आनापानसतीचा, प्राणायामाचा आणि समाधीचा, हे ते नोंदवतात आणि गौतम ते कसे शिकले ते सांगतात. बाबासाहेबांनी हा भाग गाळला असता तर चालले असते. त्यांनी तो लिहिला, कारण त्यांच्या बुद्धाला परक्याकडून शिकण्यात कमीपणा वाटत नाही. पुढे संबोधीच्या प्रसंगी ध्यानाच्या चार पायऱ्या सांगताना पहिल्या पायरीवर ते काय ठेवतात? बुद्धी आणि अन्वेषण. त्यांच्या लेखी ध्यान विचार बंद करून सुरू होत नाही, ते विचारापासून सुरू होते.

आणि अष्टांग मार्ग समजावताना ते समाधी आणि सम्यक् समाधी यांत भेद करतात. नुसत्या समाधीने नीवरणे तेवढ्यापुरती थांबतात. मनाला कुशल कर्माचे कायमचे वळण लावते ती सम्यक् समाधी. बावीस प्रतिज्ञांत आपण अष्टांग मार्गाचा अवलंब करण्याची प्रतिज्ञा घेतली. त्या आठ अंगांत सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी आहेत. ती दोन वगळून सहा अंगांचा मार्ग बाबासाहेबांनी दिलेला नाही.

डिसेंबर 1954 मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा तिथे सहावी संगीती चालू होती आणि महासी सयाडो तिच्यात प्रश्नकर्त्याची भूमिका बजावत होते. ऊ बा खिन यांचे केंद्र त्याच शहरात होते. तो सारा ध्यानाचा पुनर्जागर चालू असलेला देश बाबासाहेबांनी पाहिला. 1956 साली नागपुरात त्यांना त्रिशरण-पंचशील देणारे भदंत चंद्रमणीही ब्रह्मदेशातलेच. तरी बाबासाहेबांनी आपल्याला एखाद्या सयाडोच्या पद्धतीला बांधले नाही. त्यांनी कसोटी दिली आणि निवड आपल्यावर सोडली.

मोकळे मन म्हणजे पोट मोठे करणे नव्हे

इथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. 'सगळे मार्ग एकाच सत्याकडे जातात' हे वाक्य या देशात फार गोड आवाजात म्हटले जाते. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार करणारेही मोकळ्या मनाचेच होते म्हणे! त्यांचे मन मोकळे नव्हते, त्यांचे पोट मोठे होते. दुसऱ्याला आपल्यात गिळून त्याचा विद्रोह पचवून टाकणे हा ब्राह्मणी व्यवस्थेचा जुना डाव आहे. म्हणून तर बुद्ध विष्णूचा अवतार नाही, ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी आपल्याकडून घेतली.

तेव्हा दुसऱ्या साधनेकडे जाताना तीन प्रश्न हातात ठेवावेत. पहिला, इथे मला तपासू देतात की फक्त मान डोलवायला सांगतात? आळाराने गौतमाला तपासू दिले. दुसरा, या साधनेच्या मागे आत्मा, ईश्वर, पूर्वजन्मीच्या कर्माने जात ठरते असला माल चोरवाटेने येतो का? येत असेल तर श्वास तेवढा घ्यावा, माल दारातच ठेवावा. तिसरा, चुंदाचा आणि बाबासाहेबांचा, यातून बहुजनांचे हित होते का? साधनेनंतर माझा राग आंधळा राहत नाही, पण अन्यायाविरुद्धची माझी धार शाबूत राहते का? घरातल्या बाईशी, कामावरच्या सहकाऱ्याशी, दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याशी मी माणसासारखा वागतो का?

हे तीन प्रश्न दुसऱ्याच्या साधनेला विचारायचे, तसेच स्वतःच्याही. त्यांतून आपली पद्धतही वाचली पाहिजे. नाही वाचली तर ती कितीही जुनी असो, तिची दुरुस्ती आपल्याला करावी लागेल.

मग करायचे काय?

मित्रहो, हे काम अवघड नाही. येत्या वर्षावासात आपल्या विहारात एक महिना असा ठरवा. एका रविवारी विपश्यना करणाऱ्याने आपली साधना समजावून सांगावी, दुसऱ्या रविवारी मैत्रीभावना करणाऱ्याने. तिसऱ्या रविवारी ध्यान न मानणाऱ्या कार्यकर्त्याने आपले आक्षेप मांडावेत आणि साधकांनी ते मध्ये न बोलता ऐकावेत. चौथ्या रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधला समाधिमार्गाचा भाग आणि कालाम सुत्त, पूर्ण, शेवटपर्यंत, मोठ्याने वाचावे. एकच अट. दुसऱ्याच्या साधनेबद्दल बोलायचे असेल तर आधी ती काही दिवस करून पाहायची किंवा तिचा ग्रंथ वाचायचा. दोन्ही केले नसेल तर त्या दिवशी फक्त ऐकायचे.

सारनाथच्या वाटेला लागण्याआधी बुद्धांना आपले सोडून आलेले दोन गुरू आठवले. आपल्याला निदान शेजारच्या गल्लीतला, वेगळ्या पद्धतीने बसणारा किंवा मुळीच न बसणारा जयभीमवाला तरी आठवायला हरकत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!